हातबोशीचा शेवटचा हात

ठाण्याच्या आमच्या सिनेगॉगमध्ये बायका वरच्या सज्ज्यात बसतात. तिथे सगळ्यांत मागच्या बाकावर, खिडकीला लागून जी जागा आहे, ती माझ्या आत्याची. पाटी वगैरे काही नाही. पण एखादी पाहुणी चुकून तिथे बसली, तर कोणीतरी तिला हळूच सांगतं, "थोडं सरकता का? दिव्याहून एक बाई येतात, त्यांची जागा आहे."

विचारलं तर आत्या म्हणते, जिना चढून दम लागतो, खिडकीशी वारा येतो. खरं कारण मला माहीत आहे. तिला हातबोशीचा शेवटचा हात हवा असतो.

हातबोशी म्हणजे काय, हे आमच्या समाजाबाहेरच्या माणसांना समजावून सांगावं लागतं, आणि मला ते सांगायला मनापासून आवडतं. प्रार्थना संपत आली की आमचे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, पुढच्या रांगेतल्या वयाने मोठ्या माणसापुढे दोन्ही हात धरतात. तो माणूस आपले तळवे त्यांच्या हातांत देतो. क्षणभर हात हातांत राहतात, मग सुटतात, आणि दोघंही आपापली बोटं ओठांना लावतात. मग तो माणूस शेजारच्याकडे वळतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याकडे. अशी ती रांगारांगांतून फिरते. खालची माणसं संपली की एक आजोबा अर्धा जिना चढून येतात, वरची पहिली बाई अर्धा जिना उतरते, आणि हातबोशी सज्ज्यात येते. तिथे कोणी कोणाला टाळू शकत नाही. लग्नाच्या बोलण्यांवरून अबोला धरलेल्या दोन सख्ख्या बहिणींना मी एकमेकींकडे वळताना पाहिलं आहे. तोंडं फिरवलेली होती, पण हात दिलेले होते.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिलं. भाषा मराठी, जेवणात नारळ आणि मासळी. माझं शिक्षण रोह्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं. वर्गात मी एकटीच यहुदी. गुरुजींनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचा देव कसा दिसतो गं?" मी म्हटलं, "दिसत नाही." ते हसले आणि म्हणाले, "आमचाही नाही दिसत. बस खाली." त्या गावात मला कोणी याहून अवघड प्रश्न विचारला नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो; गावाचाही आणि गुरुजींचाही.

वडील सुतारकाम करायचे. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बारावी झाले तेव्हा आत्या गावी आली आणि वडिलांना म्हणाली, "हिला मी नेते. ही शिकेल." आत्या विधवा, मूलबाळ नाही. ठाण्याला एका बालवाडीत मुलांना सांभाळायची आणि दिव्याला एका चाळीत एका खोलीत राहायची. त्या खोलीत तिने मला पदवी होईपर्यंत ठेवलं. माझी परीक्षा असली की ती रेडिओ लावायची नाही आणि शेजारच्यांनाही लावू द्यायची नाही. आज मी डोंबिवलीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. नवरा आणि मुलगी घेऊन डोंबिवलीतच राहते. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर माझं नाव आहे, पण ते टांगलंय आत्याच्या खोलीच्या भिंतीवर. तिने मला ते कधी परत दिलं नाही आणि मी कधी मागितलं नाही.

तर शेवटचा हात. माझी जागा आत्याच्या शेजारी, त्यामुळे हातबोशी माझ्याकडून तिच्याकडे जायची. तिच्या पलीकडे भिंत आणि खिडकी. बाकीच्या बायका अशा वेळी बोटं ओठांना लावून मोकळ्या होतात. आत्याचं म्हणणं वेगळं. हातबोशी हातात ठेवायची नसते, पुढे द्यायची असते. पुढे कोणी नाही म्हणून ती संपली, असं कसं होईल?

म्हणून ती हातबोशी दिव्याला घेऊन जायची. खरोखर घेऊन जायची. वाटेत कोणाला हात लावायची नाही, पर्सचा पट्टा मनगटावर अडकवायची. चाळीचा जिना चढून गेली की शेजारच्या दारात उभी राहायची. शेजारच्या वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी कॉलेजात होते. कुटुंब बौद्ध, वहिनींचं माहेर महाडकडचं. त्यांचे यजमान ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर. पहिल्यांदा आत्याने असे दोन हात पुढे केले तेव्हा वहिनी घाबरल्याच होत्या.

"मावशी, काय झालं? चक्कर येतेय?"

"चक्कर नाही गो. हात दे. मशिदीतून आणलीय."

आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात. वहिनींना आधी त्याचं नवल वाटलं, मग हातबोशीचं वाटलं, आणि मग शनिवारची ती एक रीतच झाली. भाजी चिरत असल्या तर हात पुसून यायच्या. "आणलीत का?" म्हणून विचारायच्या. घेतली की आपल्या मुलीला द्यायच्या, मुलगी बापाला. ठाण्याच्या हझानांनी सुरू केलेली हातबोशी दिव्याच्या एका ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरच्या हातात संपायची, हे हझानांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे सगळं तिच्यावर आलं. दिव्याला पाण्याचे हाल. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आलं तर धार करंगळीएवढी. आत्याच्या आणि वहिनींच्या दारांच्या मध्ये गॅलरीत एक मोठं निळं पिंप असायचं. दोन घरांचं मिळून एक. भरायच्या वहिनी, कारण आत्याचे गुडघे. दुपारी पाणी आलं तर पाइप लावायची आत्या, कारण वहिनी कामावर. पाणी कोणी किती घेतलं हे कोणी कधी पाहिलं नाही.

मग टाळेबंदी आली. सिनेगॉगला कुलूप लागलं. अशी वेळ येईल हे आमच्या कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. लढाया, दंगली, पूर, कशातही शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या आमच्या विश्रांतीच्या दिवसाची, प्रार्थना थांबली नव्हती, असं म्हातारी माणसं सांगायची. पण आमचा समाज लहान असला तरी चिवट आहे. शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि त्यात फोन वापरायचा नाही, म्हणून हझानांनी ठरवलं की शुक्रवारी, शब्बाथचे दिवे लावायच्या आधी, फोनवर सगळ्यांनी जमायचं, थोडी प्रार्थना म्हणायची आणि दिवे लागायच्या आत फोन बंद. ठाणे, कल्याण, डोंबिवली, आंबिवली, सगळीकडून चेहरे यायचे. कोणाचं फक्त कपाळ दिसायचं. एक आजोबा फोन कानालाच लावून बसायचे, त्यामुळे आठवड्यामागून आठवडे आम्ही त्यांचा कान पाहून प्रार्थना म्हटली. हझान एकदा म्हणाले, "साहेब, तुमचा कान फार भाविक आहे, पण जरा तोंड दाखवा." सगळे हसले. त्या दिवसांत तेवढं हसणंही औषधासारखं होतं.

हातबोशीची वेळ आली की काय करायचं, कोणालाच कळेना. हझानांनी दोन्ही तळवे फोनसमोर धरले. मग सगळ्यांनी धरले. पडद्यावर चौकोनाचौकोनांतून तळवेच तळवे. मी माझे धरले, आत्याने तिचे. घरकामाने खडबडीत झालेले ते तळवे पडद्यावर पाहून माझे डोळे भरून आले. फोन बंद झाल्यावर तिने मला परत फोन केला.

"दिली गो मी हिला."

"कोणाला?"

"शेजारी. फोनवरून आली तरी आली ना? हातात कशी ठेवू?"

मी म्हटलं, "आत्या, हात धुतेस ना?"

"धुते. आधी पण, नंतर पण. तुझी आत्या अडाणी असेल, घाणेरडी नाही."

असे बरेच शुक्रवार गेले. मग वहिनींचे यजमान आजारी पडले. ताप, खोकला, एका सकाळी श्वास लागला, आणि जी गाडी ते चालवायचे तसल्याच गाडीतून त्यांना नेलं. घरातल्यांना भेटायची परवानगी नव्हती. त्या दिवसांत वहिनी आणि त्यांची मुलगी दार लावून घरातच. पाणी आत्याने भरलं, गुडघे असून. त्यांच्या दाराशी डबा ठेवायची, कडी वाजवायची आणि मागे व्हायची. यजमान वाचले. घरी आले तेव्हा शर्ट खांद्यावरून घसरत होता, पण स्वतःच्या पायांनी जिना चढून आले. चाळीने टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शुक्रवारी मी फोनवर पाहिलं, तर आत्याच्या चौकोनात तिच्या खोलीचा पंखा दिसत होता. प्रार्थनेत तिचा आवाज नीट येत होता. हातबोशीच्या वेळी पंखा. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही पंखा. मला वाटलं, फोन नीट धरता येत नसेल.

मग एक दिवस तिचा फोन आला. "मला एक पिंप आणून दे. लहान चालेल. झाकणवालं."

"का? आहे ना मोठं?"

"आहे. मला वेगळं हवंय."

माझी कंपनी औषधांची, त्यामुळे मला बाहेर पडायचा पास होता. आत्याने काही मागावं असं फार क्वचित व्हायचं, म्हणून मला बरंच वाटलं. नवऱ्याच्या स्कूटरवर मागे पिंप बांधून आम्ही दिव्याला गेलो. मी ते गॅलरीत तिच्या दाराच्या उंबऱ्यापाशी ठेवलं. वहिनी त्यांच्या दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "कसे आहेत?" त्या म्हणाल्या, "बरे आहेत." त्यांची नजर पिंपावर होती. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी म्हटलं, थकल्या असतील.

पावसाळा सरता सरता आमच्या नवीन वर्षाचा सण आला. त्या सणाला आम्ही चिकाचा हलवा करतो, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून, आणि शेजारीपाजारी वाटतो. मी जास्तच केला आणि आत्याकडे घेऊन गेले. एक डबा वहिनींच्या दाराशी ठेवून आवाज दिला. निघायच्या वेळी डबा माझ्या हातात परत आला. घासलेला, पुसलेला आणि रिकामा.

आपल्याकडे कोणी डबा रिकामा परत देत नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात. वहिनींनी तर कधी म्हणजे कधीच रिकामा डबा दिला नव्हता. भीमजयंतीला खीर, एरवी दोन लाडू, एकदा नुसतीच कढीपत्त्याची फांदी. मी डबा हातात घेऊन तिथेच उभी राहिले.

"वहिनी, काय झालं?"

"काही नाही."

"हलवा आवडला नाही?"

"हलवा चांगलाच होता. नेहमीसारखा." त्या उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. मग त्या म्हणाल्या, "ताई, एक विचारू? आमच्याकडं आजार आला म्हणून मावशींनी हात द्यायचं बंद केलं, ते मी समजू शकते. भीती सगळ्यांनाच असते. पण पाणी वेगळं केलं. पाणी."

मी वळून त्या लहान पिंपाकडे पाहिलं.

"माझी आजी सांगायची पाणी वेगळं म्हणजे काय असतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ते आम्ही गावाला सोडून आलो. आणि ते पिंप तुम्हीच आणून ठेवलंत, शिकलेल्या तुम्ही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी शांतपणे बोलत होत्या. मी आत्याच्या खोलीत परत गेले आणि दार लोटून घेतलं.

"आत्या, वेगळं पिंप कशाला मागवलंस?"

ती हलव्याचे तुकडे ताटलीत मांडत होती. तिच्या हातांकडे मी तेव्हा प्रथमच नीट पाहिलं. बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, काही ठिकाणी रक्त सुकलेलं. साबणाने धुऊन धुऊन कातडी कागदासारखी झाली होती.

"हे काय करून घेतलंस?"

"ह्या हातांनी त्याला आजारी पाडलं," ती म्हणाली. "तो पडायच्या आधी मला दोन दिवस कणकण होती. आमटीला चव लागेना. मी कोणाला सांगितलं नाही. वाटलं, सर्दी असेल. आणि शुक्रवारी हिला हात दिला. हिने पोरीला, पोरीने बापाला. मीच शेवटचा हात, मीच पुढे दिली. तो आत मरणाच्या दारात होता आणि मी बाहेर डबा ठेवत होते, जशी काही फार पुण्यवान."

"म्हणून पिंप वेगळं?"

"मग काय करू? एकाच तांब्याने पाणी काढायचं सगळ्यांनी? माझे हात त्यात बुडवू?"

मी प्रयोगशाळेतली. मी तिला सांगायला लागले की हे असं सांगता येत नाही, तो रोज रुग्णांना उचलत होता, कुठूनही झालं असेल, पाण्यातून तर होतच नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असेल. पण 'नाही' असं तू सांगू शकतेस?"

मी नाही सांगू शकले. खरं तेच होतं. कोणीच सांगू शकलं नसतं.

आमच्यात एक सण आहे, ज्या दिवशी उपास धरून दार लावून घेतात आणि वर्षभरात आपल्या हातून काय झालं ते आठवतात. आमची जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणतात. तो पुढच्याच आठवड्यात होता. आत्याने तर महिन्यांपूर्वीच दार फाळून घेतलं होतं. पण आमच्यात असंही सांगतात की माणसाचा अपराध केला असेल तर नुसती देवाची माफी चालत नाही, आधी त्या माणसाकडे जावं लागतं. मी तिला तेवढंच म्हटलं. "दार लावायच्या आधी शेजारी जावं लागतं, तूच शिकवलंस."

तिने हलव्याची ताटली झाकून ठेवली. मग पदर डोक्यावर घेतला, मास्क लावला आणि दार उघडून गॅलरीत उभी राहिली. मी कडी वाजवली. वहिनी आल्या, मागे त्यांचे यजमान आणि मुलगी.

आत्याने सगळं सांगितलं. चव गेलेली आमटी, कणकण, शुक्रवारचा हात, सगळं. वहिनींना आधी काही कळेना, आणि मग त्या इतक्या जोरात ओरडल्या की खालच्या मजल्यावरून कोणीतरी वर पाहिलं.

"मावशी! तुमच्याकडून ह्यांना?"

"हो गो."

"अहो, ह्यांना विचारा, त्या आठवड्यात गाडीत कोणाकोणाला घातलं! ह्यांच्या कपड्यांना मी हात लावायची, आणि त्याच हातांनी तुमचा हात धरला. आमच्याकडून तुम्हाला झालं असेल!"

"नाही. मला आधी झालं."

"आधी कसं? ह्यांना आठवडाभर खोकला होता, हे सांगत नव्हते. ड्युटी जाईल म्हणून."

यजमान म्हणाले, "खोकला धुळीचा होता."

"तुम्ही गप्प बसा! धुळीचा म्हणे." मग आत्याकडे वळून, "आमच्याकडून तुम्हाला झालं."

"माझ्याकडून तुम्हाला," आत्या म्हणाली.

"आमच्याकडून!"

मुलगी कॉलेजातली. ती म्हणाली, "अरे यार, तुम्ही दोघी भांडताय कशावरून? ट्रॉफी आहे का?"

पहिले हसले ते यजमान, आणि हसता हसता त्यांना खोकला आला, आणि आम्ही सगळे एकदम गप्प होऊन त्यांच्याकडे पाहू लागलो. ते म्हणाले, "धुळीचा आहे." मग आत्यासुद्धा हसली.

वहिनींनी मी आणलेलं ते लहान पिंप उचललं, त्यातलं पाणी मोठ्या निळ्या पिंपात ओतलं आणि रिकामं पिंप आपल्या घरात नेलं. "तांदळाला होईल," म्हणाल्या. विषय संपला. रिकाम्या डब्यात मुलीने साखर आणून घातली.

हात मात्र आत्याने दिला नाही. वहिनींनी पुढे केला, तर ती मागे सरली. "आता नको. मशीद उघडू दे. हझानसाहेबांच्या हातून सुरू झाली की ती नवी असेल. ती आणीन मी. ही जुनी नको." तिच्या मनाने असा हिशेब बांधला होता. मी एक मलम आणून दिलं. चिरा भरत आल्या. शुक्रवारी फोनवर मात्र पंखाच दिसत राहिला. ती वाट पाहत होती, आणि तिच्यासोबत आम्हीही.

सिनेगॉग उघडणार असल्याची बातमी आली तेव्हा मीच तिला फोन केला. ती म्हणाली, "साडी इस्त्रीला टाकायला हवी."

पण त्याबरोबर नियमही आले. मास्क, अंतर, बाकावर एकाआड एक जागा. आणि समितीने कळवलं होतं की हातबोशी फिरणार नाही. हझान पुढे उभे राहून हात वर धरतील, आणि मग एका घरातली माणसं फक्त आपसांत हात देतील. घराबाहेर नाही. नियम शहाणपणाचा होता. मी स्वतः प्रयोगशाळेत याहून कडक नियम पाळते. पण मी तो दोनदा वाचला. आत्याच्या घरात आत्याशिवाय कोणी नव्हतं. हझानांची हातबोशी सज्ज्यात येणारच नव्हती, तर ती दिव्याला काय आणणार होती?

मी तिला ते सांगितलंच नाही. सांगायचा धीर झाला नाही. वाटलं, तिथे गेल्यावर कळेलच.

तिचे गुडघे आणखी दुखू लागले होते, म्हणून वहिनींनीच म्हटलं, "मी येते सोबत. दाराशी थांबेन." मी डोंबिवलीहून गेले. फाटकाशी त्या दोघी माझी वाट पाहत होत्या. आत्या पांढऱ्या साडीत, वहिनी निळ्या साडीत. शम्माश, म्हणजे सिनेगॉगची देखभाल करणारे आमचे काका, सगळ्यांचे हात सॅनिटाइझ करत होते. त्यांनी विचारलं, "ह्या कोण?"

"माझ्यासोबत आहेत," आत्या म्हणाली.

"आत बसणार? बसा की. पदर घ्या डोक्यावर."

दारातून आत पाऊल टाकताना दाराच्या चौकटीवरच्या मेझूझाला, म्हणजे तिथे ठोकलेल्या लहानशा नळीला, हात लावायची आमची सवय. त्यात देवाच्या वचनाचं चर्मपत्र असतं. काका लगेच म्हणाले, "लांबून, लांबून." सगळ्यांनी लांबून हवेतच हात लावला. आम्ही तिघी जिना चढलो. आत्या आपल्या जागेवर, खिडकीशी. एक जागा सोडून मी. वहिनी आत्याच्या मागे भिंतीला टेकून खुर्चीवर.

इतक्या महिन्यांनी हझानांचा आवाज छताला लागून खाली आला तेव्हा मला हुंदका आवरेना. खाली माणसं कमी होती. काही जागा कायमच्या रिकाम्या झाल्या होत्या. ज्यांचा कान पाहून आम्ही प्रार्थना म्हटली ते आजोबा नव्हते. पण जे होते ते मास्कमधून पूर्ण आवाजात म्हणत होते, जणू नसलेल्यांचाही आवाज आपणच भरून काढायचा. आपण या माणसांतले आहोत, याचा त्या दिवसाइतका अभिमान मला क्वचितच वाटला असेल.

शेवटी हझानांनी हात वर धरले आणि नियम सांगितला. फक्त आपापल्या घरात. आत्याने तो तिथे प्रथमच ऐकला. सज्ज्यात नवराबायको नसतात, पण आया-लेकी, सासवा-सुना होत्या. त्या एकमेकींकडे वळल्या. आत्या तशीच समोर पाहत बसली. हात मांडीवर, तळवे वर. मला वाटलं आता ती रडेल. मी तिच्याकडे सरकणार एवढ्यात ती उठली. बाकाला धरून वळली आणि वहिनींपुढे दोन्ही हात धरले.

वहिनींना क्षणभर कळेना. मग त्यांनी आपले हात तिच्या हातांत दिले.

पुढच्या बाकावरच्या समितीतल्या बाई वळून म्हणाल्या, "अहो, घरातल्यांनीच फक्त. सांगितलं ना आत्ता?"

"मग?" आत्या म्हणाली. तिचा आवाज बालवाडीतल्या मुलांना सांगावं तसा चढलेला. "घरातलीच आहे. आमचं पाण्याचं पिंप एक आहे."

त्या बाई डोंबिवलीच्या नव्हेत, दिव्याच्याही नव्हेत; त्यांच्याकडे नळाला पाणी येतं. पण 'पिंप एक आहे' याचा अर्थ त्यांना कळला असावा. त्यांनी मान हलवली आणि पुढे वळल्या. खाली हझान वर पाहत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही मला सांगता येणार नाही, पण सज्ज्यातली ही एक हातबोशी संपेपर्यंत त्यांनी पुढचं गाणं सुरू केलं नाही.

दोघींनी बोटं मास्कवरूनच ओठांना लावली. आत्याच्या बोटांवर आता चिरा नव्हत्या.

मग मी माझे हात पुढे केले. आत्याने माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती अगदी जुन्यासारखी हसली.

"तू नाही," ती म्हणाली. "तू डोंबिवलीची. तुझं पिंप वेगळं."

मी माझे हात छातीवर ठेवले आणि तिथूनच तिला मान लववली. ज्या बाईने मला स्वतःच्या खोलीत ठेवून शिकवलं, तिच्या घरातली मी त्या दिवशी नियमाने नव्हते. मागे वहिनी पदर सावरत होत्या आणि घरी जाऊन हातबोशी कोणाला आधी द्यायची, मुलीला की ह्यांना, असं आत्याला हळूच विचारत होत्या.